जंगलात रस्ता आखायचा आणि लाकूड बाहेर काढायचं: नवख्यांसाठी पायरीपायरीने

जंगलातलं लाकूडकाम म्हटलं की नव्या माणसाच्या डोळ्यांपुढे चेनसॉ आणि कोसळणारं झाड येतं. पण नीट निवडून तोडलेल्या झाडाची जागा नवी रोपं काही वर्षांत भरून काढतात. रस्त्याची जखम तशी भरत नाही. काम चालू असलेल्या जंगलात ओढ्याला मिळणारा बराचसा गाळ रस्त्यांवरून, ओंडके ओढायच्या वाटांवरून आणि मोऱ्यांपाशी, म्हणजे रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या पाइपांपाशी, सुटलेल्या मातीतून येतो. म्हणून इथे झाडतोडीपेक्षा रस्त्यावर जास्त लिहिलं आहे, आणि रस्त्यावर लिहिताना गाडीपेक्षा पाण्यावर.

असं का, ते आधी समजून घ्या. डोंगरउतारावर पडलेला पाऊस पालापाचोळ्यात मुरतो आणि मातीच्या आतून सावकाश खाली सरकतो. रस्त्यासाठी उतार कापला की हे आतलं पाणी कापलेल्या भिंतीतून बाहेर येतं, चरात जमतं आणि धावायला लागतं. वर दाबून कठीण केलेल्या रस्त्यात काहीच मुरत नाही, ते पाणीही त्यात मिसळतं. म्हणजे तुम्ही रस्ता बांधला असं तुम्हाला वाटतं, पण पाण्याच्या लेखी तुम्ही एक नवा ओढा खोदलेला असतो. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीभोवती फिरते.

पायरी १: आधी नकाशा, आणि त्यावर आधी 'नाही'

समोच्च रेषांचा नकाशा घ्या. लिडारचा, म्हणजे विमानातून लेसरने जमीन मोजून केलेला, मिळाला तर फारच उत्तम, कारण झाडांच्या छताखाली लपलेल्या जुन्या दरडी आणि जुन्या वाटा त्यात उघड दिसतात. रस्ता कुठून न्यायचा हे ठरवण्याआधी कुठून न्यायचाच नाही ते रंगवा: ओढ्याकाठचा पट्टा, दलदल, झरे, ६० टक्क्यांपेक्षा उभे उतार, जुन्या दरडीचे भाग, दुर्मीळ झाडं, घरटी, लोकांच्या श्रद्धेच्या जागा, पिण्याच्या पाण्याचे उगम. नवे लोक उलट करतात. रेष आधी ओढतात आणि मग अडथळे टाळत ती वाकडी करत बसतात.

त्यानंतर जिथून जावंच लागेल असे बिंदू शोधा. डोंगराची खिंड, उतारावरचा सपाट टप्पा, ओंडक्यांची थप्पी लावण्याजोगी कोरडी जागा, ओढा अरुंद आणि तळ खडकाळ आहे अशी ओलांडणी. चांगला रस्ता म्हणजे हे बिंदू जोडणारी रेष. थप्पीची जागा आणि ओढ्याची ओलांडणी चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही रस्ता वाया जातो.

चढ जमतो का हे नकाशावरच तपासता येतं. १०० मीटर आडव्या अंतरात ८ मीटर उंची चढलात तर चढ ८ टक्के. लागोपाठच्या दोन समोच्च रेषांच्या उंचीत १० मीटरचा फरक असेल, तर ८ टक्क्यांच्या चढाने एका रेषेवरून दुसरीवर जायला १२५ मीटर रस्ता लागतो. १:१०,००० च्या नकाशावर हे होतात साडेबारा मिलिमीटर. कर्कटकाची टोकं तेवढी उघडा आणि खालच्या बिंदूपासून एकेका रेषेवर टेकवत वर चला. असं चालत खिंडीच्या जागी आलात आणि उंची मात्र खिंडीच्या खालीच राहिली तर रस्त्याची लांबी वाढवावी लागेल, म्हणजे वळणं आली. एकूण १२० मीटर चढायचं असेल तर ८ टक्क्यांनी दीड किलोमीटर रस्ता लागणारच, हा हिशेब कुणालाही चुकवता येत नाही.

पायरी २: रस्ते किती?

रस्ते दाट असले की ओंडके थोडंच अंतर ओढावे लागतात, पण रस्त्यांचा खर्च आणि जंगलाची हानी वाढते. विरळ असले की उलट. या दोन खर्चांची सांगड कशी घालायची हे डोनाल्ड मॅथ्यूज या अमेरिकी वनअभ्यासकाने १९४२ मध्ये मांडलं आणि ते आजही शिकवलं जातं. समांतर रस्त्यांमधलं अंतर ५०० मीटर असेल आणि दोन्ही बाजूंनी लाकूड ओढून आणायचं असेल, तर सरासरी ओढाई त्याच्या चौथा हिस्सा, म्हणजे १२५ मीटर पडते आणि रस्त्याची घनता हेक्टरी २० मीटर होते. अंतर २५० मीटर केलंत तर ओढाई निम्मी, पण रस्ता हेक्टरी ४० मीटर. दर घनमीटर लाकडामागचा रस्त्याचा खर्च आणि अंतरामुळे होणारा ओढाईचा खर्च जिथे सारखे होतात, तिथे बेरीज सर्वांत कमी.

या गणितातली खरी उपयोगाची गोष्ट पुढे आहे. त्या सर्वांत कमी खर्चाच्या आसपास आलेख जवळजवळ सपाट असतो. अंतर २० टक्क्यांनी वाढवलं तर या दोन खर्चांची बेरीज २ टक्क्यांहूनही कमी वाढते, आणि रस्त्याची लांबी मात्र सहाव्या हिश्श्याने घटते. शंका असेल तिथे मी नेहमी कमी रस्त्यांच्या बाजूने कौल देतो. न बांधलेल्या रस्त्याला मोरी लागत नाही, डागडुजी लागत नाही आणि त्यावरून शिकारी आत शिरत नाही.

पायरी ३: पायी आखणी

आता जंगलात जा. चढ मोजायचं हातातलं उपकरण, म्हणजे क्लिनोमीटर किंवा ॲबनी लेव्हल, रंगीत फिती, कोयता आणि एक सोबती एवढं पुरे. सोबत्याच्या अंगावर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर फीत बांधा, त्याला २०-२५ मीटर पुढे पाठवा, उपकरणातून त्या फितीकडे बघा. हवा तो टक्का येईपर्यंत त्याला वर-खाली सरकवा. जागा सापडली की तिथल्या झाडाला फीत बांधायची, तुम्ही तिथे जायचं, तो पुढे. नेहमी वरच्या बंधनकारक बिंदूपासून, म्हणजे खिंडीपासून, खाली आखत या. खालून वर गेलात की शेवटचे पन्नास मीटर भिंतीसारखे उभे सापडतात.

चढ २ ते ८ टक्क्यांत ठेवा. १०-१२ टक्के चालतो, लहानशा तुकड्यात १५ पर्यंतही नेता येतो, पण तिथे खडी आणि पाण्याचा निचरा दोन्ही पक्के हवेत. २ टक्क्यांखाली जाऊ नका. सपाट रस्ता नव्या माणसाला छान वाटतो, पण त्यावर पाणी साचतं, चाकं रुततात आणि ड्रायव्हर कडेने नवी वाट पाडतो. आखताना ठरवलेल्या चढापेक्षा एक-दोन टक्के कमीच धरा, कारण वळणं सरळ करताना रस्ता आखूड होतो आणि चढ आपोआप वाढतो.

एका लेनचा रस्ता साधारण साडेतीन ते साडेचार मीटर रुंद पुरतो, मधूनमधून गाड्या बाजूला घेण्याच्या जागा ठेवल्या की झालं. ट्रकसाठी वळणाची त्रिज्या किमान १५ मीटर, आणि लांब ओंडके न्यायचे असतील तर त्याहून जास्त. यू-वळण घ्यायचंच असेल तर डोंगराच्या रुंद सोंडेवर घ्या आणि वळणात चढ कमी करा.

चालताना झाडांकडे बघा. बुंधे तळाशी वाकून मग सरळ गेलेले असतील तर ती माती सरकते आहे. जमिनीत चंद्रकोरीसारख्या भेगा, उतारावर अचानक ओलसर हिरवा पट्टा, ही सगळी तिथून माघार घेण्याची कारणं. शक्य असेल तर ऐन पावसाळ्यात एकदा ही फितींची रेष चालून या. कोरड्या दिवसांत न दिसलेले तीन-चार पाझर तरी नक्की सापडतील.

पायरी ४: खोदाई आणि भराव

मध्यम उतारावर डोंगराकडून खोदलेली माती दरीकडे टाकून, दाबून अर्धा रस्ता त्यावर घेतात. उतार ६० टक्क्यांपुढे गेला की हा मार्ग बंद. तिथे भराव टिकत नाही. पूर्ण रुंदी खोदाईतच घ्यायची आणि निघालेली माती ट्रकने सुरक्षित जागी नेऊन टाकायची. खर्च वाढतो, म्हणूनच अशा उतारावर रस्ता नेऊ नये असं पहिल्या पायरीत सांगितलं.

भरावाचा उतार दीडास एक, म्हणजे दीड मीटर आडवा आणि एक मीटर उभा, यापेक्षा उभा ठेवू नका. भरावाखाली खोडं, फांद्या, बुंधे गाडू नका. ते कुजतात, आत पोकळी होते आणि काही वर्षांनी रस्त्याची कडा एका रात्रीत बसते. माती २०-३० सेंटीमीटरच्या थरांनी टाकून प्रत्येक थर रोलरने दाबायचा, तोही किंचित ओली असताना. उघड्या उतारांवर स्थानिक गवत पावसाआधी लावून टाका.

पायरी ५: रस्त्यावरचं पाणी

इथे घाई करू नका. पाणी थोडं असताना, पुन्हा पुन्हा, रस्त्यावरून खाली उतरवायचं. ते एकत्र येऊन जोर धरेपर्यंत थांबायचं नाही. रस्त्याला दरीकडे ३ ते ५ टक्के कल दिला की पाणी पातळ थरात कडेवरून निघून जातं आणि चर लागतच नाही. कमी वाहतुकीच्या, फार उभ्या नसलेल्या रस्त्याला मला हाच प्रकार सर्वांत आवडतो. माती निसरडी असेल किंवा कडेखाली खोल दरी असेल तर कल डोंगराकडे द्यावा लागतो, मग आतल्या बाजूला चर आणि ठरावीक अंतराने मोऱ्या आल्याच.

दरीकडे कललेल्या रस्त्यावरही चाकांच्या चाकोऱ्या पडतात आणि पाणी त्यांतून धावतं. म्हणून रोलिंग डिप हवेत. डिप म्हणजे रस्त्याच्याच लांबीत दिलेला रुंद, पसरट खोलगट भाग आणि त्यापुढे हलका उंचवटा. ट्रक वेग थोडा कमी करून सहज जातो, पाणी मात्र तिथून बाहेर पडतं. सहज धुपणाऱ्या मातीत ३ टक्क्यांपर्यंतच्या चढावर डिप साधारण ७५ मीटरवर, ४ ते ६ टक्क्यांवर ५० मीटरवर, ७ ते ९ टक्क्यांवर ४० मीटरवर आणि १०-१२ टक्क्यांवर ३५ मीटरवर घ्या. घट्ट, खडकाळ जमिनीत ही अंतरं दीड ते दोन पटींच्या आसपास जाऊ शकतात. आकडे सुरुवातीला धरायचे, नंतर पहिल्या पावसानेच ते दुरुस्त करायचे. दोन डिपांच्या मधे बोटभर खोल घळ पडलेली दिसली की तिथे एक डिप कमी आहे.

चरातलं पाणी रस्त्याखालून नेणाऱ्या पाइपाचा व्यास ४५ सेंटीमीटरपेक्षा कमी घेऊ नका. लहान पाइप पालापाचोळ्याने हमखास बुजतो आणि आत माणसाचं फावडंही जात नाही. पाइप रस्त्याला तिरपा ठेवा आणि चरापेक्षा दोनेक टक्के जास्त उतार द्या, म्हणजे गाळ आत बसत नाही. बाहेरचं तोंड भरावावर सोडू नका. ते मूळ जमिनीपर्यंत न्या, खाली दगड रचा.

चर कधीही थेट ओढ्यात सोडू नका. ओढा येण्याआधीच चराचं तोंड जंगलाकडे वळवा आणि पाणी पालापाचोळ्यावर पसरू द्या. जंगलाची जमीन ही जगातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली गाळणी आहे, तिला काम करायला फक्त जागा लागते.

पायरी ६: ओढा ओलांडताना

ओलांडण्या जितक्या कमी तितकं बरं, आणि जी कराल ती काटकोनात. वर्षातला बराच काळ कोरडा राहणारा, कठीण तळाचा ओढा असेल तर दगडी फरस घालून उतरता रस्ता करणं मोरीपेक्षा चांगलं, कारण फरस तुंबत नाही.

मोरीच करायची तर पाणी किती येईल हे मोजा. लहान पाणलोटासाठी साधं सूत्र आहे: पाणलोटाचं क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये आणि पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून येतो तो गुणांक, या तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागा. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये मिळतं. ४० हेक्टर, ताशी ९० मिलिमीटर आणि गुणांक ०.४ धरला तर सेकंदाला ४ घनमीटर. तोंडाशी पाणी तुंबू न देता ४५ सेंटीमीटरच्या पाइपातून याच्या दहावा हिस्साही जात नाही. हिशेब न करता 'चालेल' म्हणून पाइप टाकणाऱ्यांनी हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा. जमिनीवरची खूणही बघा: पूर काठोकाठ वाहतो तेव्हा ओढा जितका रुंद असतो, मोरीही जवळपास तितकी रुंद हवी. पाइपाचा तळ ओढ्याच्या तळाखाली थोडा गाडा. बाहेरचं तोंड अधांतरी राहिलं तर मासे वर चढू शकत नाहीत.

आणि मोरी तुंबणार हे गृहीतच धरा. एका कामावर मी हे प्रत्यक्ष पाहिलं. मोरीचं माप बरोबर होतं, बांधकाम चांगलं होतं. एका रात्रीच्या पावसात दोन फांद्या तोंडात आडव्या अडकल्या, त्यांच्यावर पाला साचला आणि पाणी रस्त्यावर चढलं. रस्ता तिथून पुढे उताराचा होता. ओढ्याने तोच रस्ता धरला आणि वळणापाशी कडा फोडून जिथे कधी पाणीच नव्हतं अशा उतारावरून तो खाली गेला. सकाळी तिथे माझ्या छातीइतकी खोल घळ होती, उघडी पडलेली मुळं लोंबत होती आणि खालचा झरा लाल झाला होता. मोरीच्या लगेच पुढे रस्त्याला एक डिप दिला असता तर पाणी रस्ता ओलांडून आपल्याच ओढ्यात परत गेलं असतं. डोझरचं अर्ध्या दिवसाचंही काम नव्हतं ते. तेव्हापासून प्रत्येक मोरीवर उभं राहून मी एकच प्रश्न विचारतो: ही बुजली तर पाणी कुठे जाईल?

पायरी ७: तोडणी

तोडायची झाडं, ठेवायची झाडं आणि ओढायच्या वाटा हे तिन्ही एकाच नकाशावर आणि जमिनीवर खुणा करून ठरवा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, १९९६ मध्ये तोडणीसाठी जी आदर्श आचारसंहिता काढली, तिचा भरही या आधीच्या नियोजनावर आहे. झाडांना बांधून ठेवणाऱ्या वेली काही महिने आधीच कापा. नाहीतर एक झाड पडताना शेजारची दोन ओढून नेतं आणि खालच्या माणसाच्या अंगावर काय येईल याचा नेम राहत नाही.

झाड ओढवाटेशी तिरपं, माशाच्या काट्यासारखं पाडायचं, म्हणजे ओंडका वळवताना शेजारच्या रोपांची सालं निघत नाहीत. पडायच्या बाजूला खाच घ्या, मागचा काप खाचेच्या तळापेक्षा किंचित वर घ्या आणि मधे बुंध्याच्या व्यासाच्या सुमारे दहावा हिस्सा लाकूड बिजागरीसारखं न कापता ठेवा. तीच बिजागरी झाडाला दिशा देते. ती पूर्ण कापणारा माणूस झाडावरचा ताबा सोडून देतो. काप सुरू करण्याआधी मागे तिरप्या दिशेला पळायची वाट साफ करा. दोन तोडणाऱ्यांमध्ये किमान दोन झाडांच्या उंचीइतकं अंतर हवं. हे वाचून कुणी चेनसॉ हातात घेऊ नये. प्रशिक्षण आणि अनुभवी माणूस सोबत, हेल्मेट आणि पायांना संरक्षक कपडे, यात तडजोड नाही.

पायरी ८: ओढाई

यंत्र वाटेवरच राहिलं पाहिजे. विंचची, म्हणजे यंत्रावरच्या तार गुंडाळणाऱ्या रहाटाची, तार ओंडक्यापर्यंत न्यायची, ओंडका वाटेवर आणायचा. प्रत्येक ओंडक्यापाशी ट्रॅक्टर नेला की सगळं जंगल दाबलं जातं. माती दाबण्याचं बहुतेक नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होतं, म्हणून 'एकदाच तर जायचंय' हे बोलणं फसवं आहे. थोड्या वाटा, त्याच पुन्हा वापरायच्या, त्यांवर तोडलेल्या फांद्या अंथरायच्या.

शक्य तिथे ओंडके वर ओढा. थप्पी वर असली की वाटा खाली पसरत जातात आणि त्यांवरचं पाणीही पांगतं. थप्पी खाली असली की सगळ्या वाटा, आणि सगळं गढूळ पाणी, एकाच जागी येऊन मिळतं. उतार ३०-३५ टक्क्यांपुढे गेला की जमिनीवरून ओढणारं यंत्र सोडून तारेवरून ओंडके उचलून नेणाऱ्या केबल पद्धतीचा विचार करा.

काम कधी थांबवायचं हे मूठ सांगते. वाटेवरची बोटभर खोलीची माती घ्या आणि घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर ती भुसभुशीत होऊन पडली तर चालू द्या. गोळा तसाच राहिला, तळव्यावर चकाकी आली किंवा तळहातांत वळून शेवयीसारखी दोरी झाली, तर यंत्र बंद करा. ठेकेदार कुरकुर करेल, ट्रक उभे राहतील. तरी बंद करा. ओल्या मातीत गेलेला एक दिवस ती माती पुढची कितीतरी वर्षं विसरत नाही.

पायरी ९: डागडुजी आणि बंद करणे

रस्त्याची खरी तपासणी पावसात, फावडं हातात घेऊन, पायी होते. चरात अडकलेली एक फांदी वेळेवर काढली तर पुढची घळ टळते. रस्ता समतल करणारा ग्रेडर फिरवताना कडेला मातीचा वरंबा राहू देऊ नका, तो दरीकडे जाणारं पाणी अडवतो आणि दिलेला कल फुकट घालवतो.

काम संपलं की जे रस्ते लगेच लागणार नाहीत ते बंद करा. तात्पुरत्या मोऱ्या आणि त्यांवरचा भराव काढून ओढ्याचं पात्र मोकळं करा, ओढवाटा आणि थप्पीची जागा नांगरून मोकळी करा, गवताचं बी टाका, तोंडाशी मोठे दगड किंवा फाटक लावा. वाटांवर आडवे बांध घाला: ३० ते ४५ सेंटीमीटर उंच, तिरपे, वरचं टोक डोंगराच्या भिंतीत घट्ट रोवलेलं आणि खालचं टोक पूर्ण उघडं. खालचं टोक चुकून बंद राहिलं की तो बांध राहत नाही, डबकं होतं, आणि डबकं फुटतं.

मग पहिल्या मोठ्या पावसानंतर परत या. प्रत्येक बांधाच्या खालच्या टोकापासून पाणी जंगलात किती लांब गेलंय ते पावलांनी मोजा. पाचोळ्यावरचा गाळाचा पट्टा ओढ्याच्या बराच अलीकडे संपला असेल तर बांध बरोबर आहे. तो ओढ्यापर्यंत पोहोचला असेल तर त्या बांधाच्या वर आणखी एक बांध घालायचा, त्याच दिवशी.